पहिली अडथळ्यांची शर्यत: पकडीपासून सुरू होणारी बारा आठवड्यांची तयारी

माझ्या पहिल्या शर्यतीत मंकी बार साधारण चौथ्या किलोमीटरला होते. खाली गढूळ पाण्याचा खड्डा, वर आडव्या लोखंडी नळ्या. माझ्या पुढे एक दणकट मुलगा होता, खांदे बघूनच कळत होतं की जिममध्ये तो पंधरा पुलअप सहज काढत असणार. तिसऱ्या नळीवर त्याची बोटं उघडली आणि तो पाण्यात गेला. मागून मी गेले आणि चौथ्या नळीवर माझीही बोटं तशीच उघडली. दम होता, हातही दुखत नव्हता, पण बोटं ऐकत नव्हती. दोनशे मीटर आधी आम्ही दोघंही वाळूचं पोतं छातीशी कवटाळून चढ चढून आलो होतो, आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा हात तिथेच रिकामा झाला होता.

त्यानंतर मी तयारीची सगळी मांडणी बदलली. पहिल्यांदा उतरणारे बहुतेक जण धावतात, जोर मारतात, बैठका काढतात आणि त्यात चूक काही नाही. पण ही शर्यत हातातून सुटते ती बोटांपाशी. त्यातही ताज्या हाताच्या पकडीचा फारसा उपयोग नसतो. धापा लागलेल्या, चिखलाने माखलेल्या, आधीच थकलेल्या हाताची पकड लागते आणि ती मुद्दाम घडवावी लागते. खालचा सगळा कार्यक्रम त्या एका गोष्टीभोवती बांधलेला आहे.

आधी शर्यत समजून घ्या

सैन्यातले अडथळ्यांचे सराव जुनेच आहेत. सामान्य माणसासाठी तशी शर्यत भरवण्याची सुरुवात म्हणून सहसा इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनजवळच्या ‘टफ गाय’चं नाव घेतात, ती १९८७ साली सुरू झाली. २०१० मध्ये अमेरिकेत ‘स्पार्टन रेस’ आणि ‘टफ मडर’ आल्या आणि हा प्रकार जगभर पसरला. आपल्याकडे २०१२ पासून ‘डेव्हिल्स सर्किट’ वेगवेगळ्या शहरांत होते. साधारण ५ किलोमीटर अंतर आणि १५ अडथळे असा तिचा आराखडा आहे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये मॉडर्न पेंटॅथलॉन या पाच खेळांच्या स्पर्धेतून घोडेस्वारी जाऊन तिथे अडथळ्यांची शर्यत येते आहे, तेव्हा हा नुसता चिखलात लोळण्याचा प्रकार राहिलेला नाही.

पहिल्या वेळी ५ किलोमीटरचीच शर्यत निवडा. स्पार्टनमध्ये ५, १० आणि २१ किलोमीटर अशा तीन मुख्य शर्यती असतात. त्यातली २१ ची शर्यत मॅरेथॉन धावणाऱ्यांनाही पहिल्या वर्षी जड जाते. नाव नोंदवताना वेळ मोजणाऱ्या स्पर्धात्मक गटात जायचं की नुसत्या सहभागाच्या, हे विचारलं जातं. सहभागाच्या गटात जा. तिथे अडथळ्यावर कोणी हात दिला, खांदा दिला तर चालतं, आणि आठ फुटी भिंतीपाशी त्या खांद्याची किंमत कळते.

नियम आधी वाचून ठेवा. अडथळा जमला नाही तर काय करायचं, हे प्रत्येक शर्यतीत वेगळं असतं. स्पार्टनमध्ये ३० बर्पींची शिक्षा प्रसिद्ध आहे, काही ठिकाणी जास्तीची फेरी मारावी लागते, तर काही ठिकाणी बाजूने पुढे जाता येतं. शिक्षा बर्पींची असेल तर बर्पी सरावात हव्यातच. बर्पी म्हणजे खाली बसून पाय मागे फेकायचे, छाती जमिनीला टेकवायची, परत पाय आत घेऊन उभं राहत उडी मारायची. दहा झाल्या की पोटातलं वर येतं. तीस म्हणजे काय, ते शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा कळू नये.

पहिल्या आठवड्याआधीची तपासणी

चाळिशीच्या पुढे असाल, रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल, घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर डॉक्टरांना भेटून या. त्यांना ‘शर्यत आहे’ एवढंच सांगू नका. बर्फाच्या पाण्यात उतरायचं आहे आणि वजन उचलून चढायचं आहे, असं नेमकं सांगा. खांदा पूर्वी निखळला असेल तर लटकण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टला विचारूनच करा.

मग एका सकाळी या चार गोष्टी करून वहीत लिहून ठेवा: न थांबता किती मिनिटं धावता येतं, सिंगल बारला किती सेकंद लटकता येतं, सलग किती जोर निघतात, आणि २० लिटरचा पाण्याचा जार छातीशी धरून किती पावलं चालता येतं. माझे पहिले आकडे होते ११ मिनिटं, १४ सेकंद, ४ जोर आणि ६० पावलं. आकडे लहान असले तरी लिहा. सहाव्या आठवड्यात हीच वही तुम्हाला घराबाहेर काढते.

निदान अर्धा तास सलग झपाझप चालता येत नसेल, तर बारा आठवड्यांच्या आधी महिनाभर नुसतं चालणं ठेवा.

पकड

कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू बोटं मिटवतात. आपण सतत घट्ट धरून ठेवतो तेव्हा आवळलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो. रक्त नीट खेळत नाही, हात दगडासारखा टणक होतो आणि मग बोटं उघडतात. यावर उपाय दोन: सवय आणि मधूनमधून हात सैल सोडण्याची शिस्त.

सुरुवात नुसत्या लटकण्याने करा. बागेतल्या ओपन जिममध्ये, शाळेच्या मैदानावर, तालमीत कुठेही सिंगल बार मिळतो. अंगठा नळीखालून वळवून पूर्ण मूठ घ्या. आधी शरीर नुसतं सोडा, मग कोपर न वाकवता खांदे कानांपासून खाली ओढा. ही ‘जागी’ लटकण त्रासदायक वाटते, पण मंकी बारवर खांद्याला ती वाचवते. खांदे कानाला टेकवून झोके घेणाऱ्यांचे सांधे दुखावतात. पहिल्या दोन आठवड्यांत १० ते १५ सेकंदांच्या पाच लटकणी, आठवड्यातून तीनदा. दर आठवड्याला प्रत्येकीत चार-पाच सेकंद वाढवा. आठव्या आठवड्यापर्यंत एका दमात ४५ सेकंद हे चांगलं लक्ष्य आहे.

ते जमायला लागलं की बारवर ओला टॉवेल टाका आणि त्याची दोन्ही टोकं धरून लटका. जाड, ओलं, निसटतं काहीतरी धरणं हीच शर्यतीतली खरी परिस्थिती आहे. कोरड्या, पातळ बारवर मिनिटभर लटकणारी मंडळी टॉवेलवर पंधरा सेकंदांत खाली येतात.

पुलअप येत नाहीत म्हणून नाव नोंदवायला घाबरणाऱ्या बायका मला फार भेटतात. एकही पुलअप न काढता शर्यत पूर्ण करता येते. मी केली आहे. पण उलटी पुलअप जरूर करा. स्टुलावर उभं राहून हनुवटी बारच्या वर न्या, पाय सोडा आणि पाच सेकंद मोजत सावकाश खाली या. तीन-तीनचे तीन संच. वर जाण्याची ताकद याच वाटेने येते.

धरून चालण्याचा व्यायाम घरातल्या वस्तूंवर भागतो. दोन बादल्या पाण्याने भरा, दोन्ही हातांत घ्या आणि गच्चीवर चाला, हात सुटेपर्यंत. एवढ्याने मनगट तयार होतं. आमच्याकडे आजी विहिरीवरून दोन कळश्या आणायची, तिच्या हाताची पकड मला अजून आठवते.

एक सावधगिरी मात्र पाळा. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात, पण स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरांना महिने लागतात. उत्साहाने रोज लटकलात तर कोपराच्या आतल्या बाजूला दुखू लागतं आणि ते दुखणं पुढे महिनोन्‌महिने सोबत करतं. दोन पकड-सरावांत एक दिवसाची तरी विश्रांती हवी. तळहाताला घट्टे पडतील. ते आंघोळीनंतर दगडाने घासून सपाट ठेवा. उंच वाढलेला घट्टा नळीत अडकून फाटतो आणि मग आठवडाभर सराव बंद.

दोर, आणि तालमीतली शिकवण

दोर चढणं मी मल्लखांबाच्या तालमीत शिकले. दोरीचा मल्लखांब करणाऱ्या सात-आठ वर्षांच्या मुली पायाचा अंगठा आणि शेजारच्या बोटात दोरी धरून बघता बघता छताला पोचत होत्या. तिथल्या काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “हाताने चढू नकोस, हाताने फक्त धरायचं. चढायचं पायाने.” याहून नेमकं दोराबद्दल मला कोणी काही सांगितलेलं नाही.

शर्यतीतला दोर मात्र वेगळा असतो. मल्लखांबाची दोरी बारीक, सुती, पाय अनवाणी. शर्यतीत दोर बराच जाड, चिखलाने बुळबुळीत आणि पायात बूट. अंगठ्याची पकड तिथे चालत नाही. अढीचा, म्हणजे पायांनी दोर अडकवून धरण्याचा, विचार तोच ठेवायचा, मांडणी बदलायची. दोर एका पायाच्या बाहेरच्या बाजूने खाली येऊ द्या, त्या पायाच्या तळव्याखालून घ्या आणि दुसऱ्या पायाच्या पंजाने वरून दाबा. आता दोराची पायरी झाली. तिच्यावर उभं राहायचं, हात वर सरकवायचे, गुडघे छातीपर्यंत ओढून नवी पायरी बांधायची. प्रत्येक पायरीवर क्षणभर पायांवर भार टाका आणि एकेक हात झटका. उतरताना हाताखाली हात घेत या. सरकत आलात तर तळहाताची साल निघते, आणि पुढे अजून अडथळे असतात.

तुमच्या गावात, पेठेत, शाळेत मल्लखांब शिकवणारं कोणी असेल तर जाऊन विनंती करा. मोठ्या माणसांनाही ते प्रेमाने शिकवतात. महिन्यातून चार वेळा दोर मिळाला तरी पुरे. दोर मिळालाच नाही, तर खुर्चीवर बसून पायात जाडसर ओढणीचा पीळ घेऊन ही पायरी बांधण्याचा सराव करा, शंभरदा, डोळे मिटून जमेपर्यंत.

धावणं: रस्ता सोडा, टेकडी धरा

शर्यतीचा मार्ग सपाट डांबरी नसतो. गवत, खडी, उतार, नांगरलेलं रान, चिखल, आणि दर तीनशे-चारशे मीटरवर थांबून काहीतरी करायचं. म्हणून एकसारख्या वेगाने लांब धावण्याला इथे मर्यादित अर्थ आहे. पुण्यात असाल तर वेताळ टेकडी किंवा तळजाईच्या पायवाटा, मुंबईत राष्ट्रीय उद्यानातले चढ, नाशकात पांडवलेणी, कोल्हापुरात जोतिबाचा डोंगर. आपल्याकडे पायाशी सह्याद्री आहे, तो वापरा. सिंहगडाची आतकरवाडीची वाट आठवड्यातून एकदा चढणाऱ्याच्या पोटऱ्यांना शर्यतीत काही नवं वाटत नाही. उतरताना पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले. घोटा मुरगळतो तो बहुतेक वेळा उतारावर, दमल्यानंतर.

नव्याने सुरू करणाऱ्याने दोन मिनिटं हळू धावणं, एक मिनिट चालणं, असं आठ वेळा. हळू म्हणजे शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल एवढं हळू. दर आठवड्याला धावण्याचा भाग एका मिनिटाने वाढवत जा. आठव्या आठवड्याला टेकडीवर ६ किलोमीटर, चढावर चाललात तरी चालेल, पण न बसता, हे जमलं की पुरे. पाऊस पडून गेल्यावर ओल्या पायवाटेवर एकदा तरी जा. आपल्या बुटांची खरी पकड तेव्हाच कळते.

उचलून चालणं

वाळूचं पोतं, पाण्याची किंवा खडीची बादली, ओंडका, टायर असं काही ना काही असतंच. वजन साधारण १० ते २५ किलो, बायकांसाठी बहुधा कमी. माझी चूक तुम्ही करू नका. पोतं छातीशी धरलं की हात दमतात. ते मानेमागे दोन्ही खांद्यांवर आडवं टाका, हातांनी फक्त घसरू नये एवढा आधार द्या, आणि मंकी बारसाठी बोटं राखून ठेवा. बादली मात्र खांद्यावर घेता येत नाही. तिला मिठी मारायची, एका हाताने दुसरं मनगट बादलीच्या तळाखाली धरायचं, पोट आत घेऊन ताठ चालायचं.

सरावासाठी जुन्या ट्रॅक सूटच्या पँटला खाली गाठ मारून त्यात १० किलो वाळू भरा, वरून दुसरी पिशवी शिवून घ्या. पाण्याचा जार आहेच. जिन्याने तीन मजले वर आणि खाली, असे चार फेरे. उचलताना कंबरेतून वाकायचं नाही. गुडघे वाकवून, जार अंगाशी ओढून उठायचं.

बाकीचे अडथळे

भिंत. चार-पाच फुटांची भिंत हात टेकून उडी मारली की पार होते. सहा-आठ फुटी भिंतीला धावत या, एक पाय कमरेएवढ्या उंचीवर भिंतीला मारा आणि त्या धक्क्यावर वरची कड पकडा. हातांनी ओढत बसण्यापेक्षा लगेच एक टाच कडेवर टाका. टाच अडकली की कोपर वर जातं, कोपर गेलं की पोट. पलीकडे उडी मारू नका. कड धरून लटका आणि मग सोडा, गुडघे वाकलेले. सराव कंपाउंडच्या मजबूत भिंतीवर होतो, फक्त वर काचा किंवा तारा नाहीत ना ते आधी बघा.

दोरांची जाळी. हात उभ्या दोरांवर, पाय आडव्यांवर. आडवा दोर हाताने धरलात तर वरच्याचा बूट बोटांवर पडतो. जाळी मधे झोल खाते, खांबाजवळ ताठ असते, म्हणून कडेने चढा.

तारेखालून सरपटणं. गुडघ्यांवर रांगणारे तारेत अडकतात. पोट जमिनीलगत, कोपर आणि मांडीच्या आतल्या बाजूने सरकत जा. जागा मोकळी असेल तर आडवं लोळत जाणं सर्वांत जलद, पण चक्कर येते, म्हणून मधे थांबून समोर बघा. घरी सतरंजीवर रोज दहा मीटर सरपटा. चार दिवसांत कंबर मोकळी होते.

मंकी बार. बुळबुळीत नळ्यांवर थांबणं महागात पडतं. एका लयीत, शरीराचा झोका पुढे असतानाच पुढचा हात टाका. सुरू करण्याआधी हात गवतावर किंवा कोरड्या शर्टाच्या आतल्या बाजूला पुसा आणि तीस सेकंद हात खाली सोडून झटका. रांगेत मागचे ओरडले तरी हे करा. मुलांच्या बागेतले बार यासाठी उत्तम, पहाटे मोकळे असतात.

बर्फाचं पाणी. गार पाण्यात गेल्या गेल्या आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो आणि श्वास भरभर चालू लागतो. शरीराची ती प्रतिक्रिया असते, मिनिट-दोन मिनिटांत ओसरते. मोठा धोका हा की तो श्वास पाण्याखाली असताना घेतला जाऊ शकतो. म्हणून आधी बाहेर उभं राहून सावकाश श्वास सोडा, पाय मग कंबर असे उतरा, तोंडावर पाणी मारा, आणि डोकं बुडवावं लागणार असेल तर श्वास ताब्यात आल्यावरच बुडवा. घाबरून धावू नका. शेवटच्या तीन आठवड्यांत आंघोळीच्या शेवटी दीड मिनिट थंड पाणी घेतलंत तर हा धक्का बराच कमी होतो. हृदयविकार असलेल्यांनी हा अडथळा सोडावा. तसं आयोजकांना सांगा, ते बाजूने जाऊ देतात.

पोहता येत नसेल तर खोल पाण्याचा अडथळा नेमका किती खोल आहे, जीवरक्षक आहेत का, लाइफ जॅकेट मिळतं का, हे नोंदणीआधी विचारा. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात अशा एका शर्यतीत उंचावरून पाण्यात उडी मारण्याच्या अडथळ्यात एक तरुण बुडून गेला. पुढच्याने बाजू मोकळी केल्याशिवाय उडी मारायची नाही, हा साधा नियम जीव वाचवतो.

बारा आठवडे कसे वाटायचे

पहिले चार आठवडे पाया घालायचा. आठवड्यात दोन दिवस धावणं-चालणं, दोन दिवस ताकद: लटकणं, जोर (गुडघे टेकून चालतील), बैठका, बादल्यांचं चालणं. रविवारी टेकडीवर तासभर. उरलेल्या दोन दिवसांत एक दिवस सावकाश बारा सूर्यनमस्कार आणि एक दिवस पूर्ण आराम. सूर्यनमस्कार खांदे आणि मांडीच्या मागच्या शिरा मोकळ्या ठेवतात, त्यांना कमी लेखू नका.

पाचव्या ते आठव्या आठवड्यात वजन आणि चढ वाढवा. ताकदीच्या दिवशी उलटी पुलअप, टॉवेल, जार घेऊन जिना, दहा-दहा बर्पींचे तीन संच. मधल्या एका धावण्यात चढावर तीस सेकंद जोरात, दीड मिनिट सावकाश, असं सहा ते आठ वेळा. सहाव्या आठवड्यात सगळं थोडं कमी करा, शरीराला भरून यायला वेळ लागतो.

नवव्या ते अकराव्या आठवड्यात येतो तो जोडसराव. सगळ्या कार्यक्रमातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, म्हणून नीट सांगते. मैदानावर सिंगल बारच्या जवळ जागा घ्या. ५०० मीटर धावा. लगेच वाळूची पिशवी खांद्यावर घेऊन १०० पावलं. पिशवी टाकली की श्वास न सावरता बारला २० सेकंद लटका. मग १० बर्पी, १० मीटर सरपटणं, आणि परत ५०० मीटरपासून पुढचा फेरा. असे चार फेरे नवव्या आठवड्यात, पाच दहाव्यात, सहा अकराव्यात. सहावा फेरा पूर्ण झाला की ३ किलोमीटर धावणं होतं आणि हात सहा वेळा दमलेल्या अवस्थेत बारला जातो. तिसऱ्या फेऱ्यात पकड सुटेल. सुटू द्या, झटका, परत धरा, उरलेले सेकंद पूर्ण करा. एकदा तरी हात चिखलात किंवा ओल्या मातीत माखून हे करा. माझ्या दुसऱ्या शर्यतीत मी मंकी बार पार केले ते या सरावाच्या जोरावर. तेव्हाही मला एकच पुलअप येत होती.

जोडसराव आठवड्यातून एकदाच. दुसऱ्या दिवशी फक्त चालणं.

बाराव्या आठवड्यात हात शांत ठेवा. सोमवारी हलकं धावणं, बुधवारी दहा-दहा सेकंदांच्या तीन लटकणी, बाकी चालणं आणि झोप. या आठवड्यात मिळवता काही येत नाही, घालवता मात्र येतं. शेवटच्या शनिवारी ‘एकदा करून बघू’ म्हणून मैदानावर गेलेले लोक रविवारी दुखरे हात घेऊन येतात.

अंगावर काय, आणि काय नको

अंगठी काढा. ही सूचना मी सगळ्यांत वर लिहायला हवी होती. उंचावरून निसटताना अंगठी अडकली तर बोटाची कातडी सोलून निघते. मंगळसूत्र, चेन, बांगड्या, कडं, हातातले दोरे, कानातली लोंबती कर्णफुलं हे सगळं घरी. घरात मंगळसूत्र काढण्यावरून कोणी काही म्हणालं तर तारेत अडकण्याचा धोका समजावून सांगा. माझ्या सासूबाईंनी ते ऐकून स्वतःच माझं मंगळसूत्र डबीत ठेवलं.

सुती कपडे पाणी पितात, जड होतात आणि अंगाला घासतात. अंगाला बसणारा, लवकर वाळणारा टी-शर्ट आणि गुडघ्याखाली जाणारी घट्ट पँट घ्या, गुडघे वाचतात. बूट तळाला खोल खाचा असलेले, पाणी बाहेर सोडणारे. नवेकोरे नकोत, निदान महिनाभर वापरलेले. नाड्यांना दोन गाठी मारून टोकं आत खोचा. चिखलात रुतलेला बूट पायातून निघून जातो. नखं कापा. कॉन्टॅक्ट लेन्स टाळा, चष्म्याला मागून पट्टा लावा. हातमोज्यांवर मतभेद आहेत. मला ते ओले झाल्यावर जास्त निसटतात, म्हणून मी घालत नाही. घालणार असाल तर ओल्या हातमोज्यांनी सराव करून ठरवा.

आदली रात्र ते शेवटची रेघ

आदल्या रात्री वरण-भात, दही-भात, जे रोज पचतं ते. सकाळी शर्यतीच्या अडीच-तीन तास आधी पोहे किंवा पोळी-गूळ-तूप, अर्धा तास आधी केळं. पाणी आदल्या दिवसापासून घोटघोट. उन्हाची आणि दमट हवेची शर्यत असेल तर मीठ-साखरेचं लिंबू-सरबत किंवा ओआरएस.

गटागटाने सोडतात. शक्यतो सकाळचा पहिला गट घ्या. ऊन कमी, अडथळे कोरडे आणि रांगा लहान. सुरुवातीला लोक उसळून पळतात. तुम्ही पहिला किलोमीटर बोलता येईल अशा वेगाने धावा. अडथळ्याच्या पन्नास मीटर आधी चालायला लागा, हात सोडून झटका, समोरचे कसे करताहेत ते पाहा. एखादा अडथळा दोन प्रयत्नांत जमला नाही तर मदत मागा. भिंतीवरून वाकून हात देणारी अनोळखी माणसं मी प्रत्येक शर्यतीत पाहिली आहेत. वर पोचलात की तुम्हीही थांबा आणि मागच्याला हात द्या.

छातीत दाब, डोळ्यांपुढे अंधारी, घाम थांबून अंग तापणं, बोलताना अडखळणं, यांतलं काहीही झालं तर तिथेच बसा आणि स्वयंसेवकाला सांगा.

चिखल घरी आणू नका

ज्या रानात शर्यत होते तिथे गुरं फिरलेली असतात, उंदीर असतात. २०१२ साली अमेरिकेतल्या नेवाडात अशा शर्यतीनंतर अनेकांना जुलाब झाले, आणि कारण निघालं जनावरांच्या विष्ठेतून चिखलात आलेले जिवाणू, तोंडात गेलेल्या चिखलावाटे. त्यामुळे तोंड मिटून सरपटा, पाणी पिण्याआधी बाटलीचं तोंड पुसा, हात न धुता काही खाऊ नका. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवून पाहा. दहा वर्षं झाली असतील तर शर्यतीच्या काही आठवडे आधी घेऊन टाका.

संपल्याबरोबर स्वच्छ पाण्याने सगळं अंग धुवा, खरचटलेल्या जागा साबणाने, नखांखालचा चिखल ब्रशने. ओले कपडे बदला, थंडी वाजू लागते. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी थोडं चाला. हात दोन-तीन दिवस डबा उघडायलाही नकार देतील, ते ठीक आहे. लघवी चहासारखी गडद आली किंवा स्नायू प्रमाणाबाहेर सुजले तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस आपण ऐकतोच. तो असाच, दूषित पाणी-चिखल जखमेला लागून होतो, आणि ताप बहुधा पाच ते चौदा दिवसांनी येतो, कधी महिन्याभरानेही. तोवर शर्यत विसरलेली असते आणि आपण साधा ताप समजून गोळी घेतो. शर्यतीनंतरच्या महिन्यात ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर डॉक्टरांकडे जा आणि आपण कोणत्या तारखेला चिखलात उतरलो होतो ते सांगा. मी ती तारीख फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवते.